पुस्तकांच्या कपाटामागे गुप्त दार करायचंय? मग आधी दार करा, कपाट नंतर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातला जुना फ्लॅट, हॉलला लागून सहा बाय आठची स्टोअर रूम, तिच्या दाराची मोकळी जागा २८ इंच रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच. वडिलांची सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत, बहुतेक मराठी कादंबऱ्या आणि कथासंग्रह, त्यांचं कपाट हॉलमध्ये करायचं आणि तेच कपाट दारासारखं उघडून आत स्टोअरमध्ये जायचं, बाहेरून दार आहे हे कळता कामा नये. मिस्त्री म्हणतो पियानो बिजागरी, म्हणजे कडेच्या पूर्ण लांबीची पट्टीसारखी बिजागरी लावू, खाली दोन चाकं देऊ, काम झालं. आणि तुम्ही विचारताय की हे पुरेल का, स्वतः करता येईल का, आणि दार उघडायचा खटका म्हणून पुस्तक कुठलं वापरायचं.

मी चोवीस वर्षं फर्निचरचं काम करतोय, असली दारं आजवर अकरा केली, त्यातलं पहिलं बिघडलं होतं, त्याचं पुढे सांगतो. तुम्ही लिहिलंय की दार लपवायचं कसं हा प्रश्न आहे, पण माझ्या अनुभवात लपवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पट्ट्या आणि बीडिंगने काहीही झाकता येतं. खरा प्रश्न असा आहे की सव्वाशे किलोची वस्तू एका कडेवर उभी करायची, ती रोज फिरवायची आणि दहा वर्षांनीही ती फरशीला घासता कामा नये. सात इंच जाडीचं दार चौकटीत फिरताना कोपरा कुठे लागतो हा त्यातलाच दुसरा अर्धा भाग. म्हणून मी नेहमी सांगतो की आधी दार करा, ते नीट फिरतंय याची खात्री करा आणि मग त्याला कपाट बनवा. बहुतेक जण उलटं करतात, सुंदर कपाट बनवतात आणि शेवटी त्याला बिजागऱ्या शोधत बसतात.

आता वजनाचं बघा, कारण सगळं तिथून सुरू होतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि वडिलांचं एखादं साधं डेमी साइजचं दोनशे पानांचं पुस्तक ठेवून बघा, पाव किलोच्या आसपास भरेल. जाडी असते तेरा-एक मिलिमीटर, म्हणजे एका फुटात २२-२३ पुस्तकं, म्हणजे फुटाला साडेपाच किलो. गुळगुळीत कागदाची किंवा पुठ्ठा बांधणीची असतील तर फुटाला आठ-दहा किलोही होतात. ३० इंच रुंदीचं आणि पावणेसात फूट उंचीचं सात खणांचं कपाट धरलं तर आतली एकूण लांबी साडेसोळा फूट, म्हणजे पुस्तकांचे झाले ९० किलो. प्लायवूड, मागची पाठ, पट्ट्या मिळून आणखी ३५ किलो. झाले सव्वाशे. आणि हिशोबात हेही निघालं की त्या दारात पावणेचारशेच पुस्तकं मावतात, सहाशे मावत नाहीत, ही अडचण नाही उलट फायदा आहे, का ते पुढे येईल.

सव्वाशे किलो म्हटल्यावर लोकांना वाटतं खालच्या बिजागरीवर भार येतो आणि ती मोडते. खाली भार येतोच पण तो उभा भार असतो, फरशी तो झेलते. त्रास होतो वरच्या टोकाला, कारण कपाट पुढच्या बाजूला कलंडायला बघतं आणि वरचा जोड भिंतीतून ओढून काढायला लागतं. किती ओढतं त्याचा हिशोब सोपा आहे, वजन गुणिले टेकणीपासून कपाटाच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले वर-खालच्या टेकणीतलं अंतर. तुमच्याकडे १२५ गुणिले १३ इंच, भागिले ८० इंच, म्हणजे साधारण वीस किलो. वीस किलो ऐकायला कमी वाटतं, पण ते चोवीस तास, बारा महिने ओढत असतं आणि कोणी लहान मूल कपाटाला लटकलं तर ते आणखी वाढतं. त्यात अर्ध्या इंची स्क्रू प्लायच्या कडेत मारलेले असतील तर प्लायचे थर उकलतात आणि स्क्रू अलगद बाहेर येतो. पियानो बिजागरीला म्हणूनच माझा नकार आहे. ती ट्रंकेच्या झाकणाला किंवा कपाटाच्या हलक्या पल्ल्याला छान, पत्रा पातळ असतो आणि स्क्रू बारीक. तुमच्या मिस्त्रीचा हात चांगला असेल, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण हे काम बिजागरीचं नाहीये, पिव्हॉटचं आहे, म्हणजे वर आणि खाली एकेका खुंटीवर दार फिरवायचं.

याच हिशोबातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांना पटत नाही. सगळे म्हणतात जड पुस्तकं खालच्या खणात ठेवा म्हणजे दार लटकणार नाही. खाली ठेवल्याने डुगडुग कमी होते हे बरोबर, पण वरच्या जोडावरची ओढ त्याने एक किलोनेही कमी होत नाही, कारण ती उंचीवर नाही, आडव्या अंतरावर ठरते. जड पुस्तकं पिव्हॉटच्या बाजूला ठेवा आणि हलकी उघडणाऱ्या टोकाला, मग फरक पडतो. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी हौसेने शब्दकोशांची रांग नेमकी त्या टोकाला लावतं.

आता माझ्या पहिल्या दाराचं. पंधरा-सोळा वर्षं झाली, नाशिकला एका बंगल्यात वकिलांची अभ्यासिका होती. कपाटाचा बॉक्स मी अप्रतिम बनवला होता, सागाच्या पट्ट्या, विनियर, सगळं. पाच बेअरिंगच्या स्टील बिजागऱ्या लावल्या होत्या, म्हणजे मालही चांगला होता. पण चौकट मी हलक्या ब्लॉकच्या भिंतीत लांब स्क्रू आणि प्लग टाकून बसवली, आणि खाली फटीला फक्त तीन मिलिमीटर ठेवले कारण फट दिसायला नको होती. दोन महिन्यांनी फोन आला. जाऊन बघतो तर काळ्या कडप्प्यावर पांढरी कमान उमटलेली, कंपासने काढल्यासारखी, आणि तिच्यात बोट फिरवलं तर खाच लागत होती. वरची चौकट भिंतीपासून चार-पाच मिलिमीटर सुटली होती, प्लगच्या भोवतीची भुकटी खाली पडलेली दिसत होती. चूक पूर्ण माझी होती, वजनाचा हिशोबच केला नव्हता, आणि माझ्या खर्चाने लोखंडी फ्रेम टाकून सगळं परत केलं. कडप्पाही बदलून दिला.

म्हणून भिंत कसली आहे हा पहिला प्रश्न, आणि इथे उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक विटांची चार इंची भिंत असते, ती बरी. नवीन बिल्डिंगमध्ये हलके एएसी ब्लॉक असतात, साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात, त्यात अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, धरत नाही, ब्लॉक भुगा होतो. आणि हल्लीच्या काही टॉवरमध्ये माइवानचं काम असतं, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या, त्या धरतात उत्तम पण त्यांना हात लावायचा नाही, दार मोठं करायला म्हणून तोडायच्या तर अजिबात नाहीत, ती भिंत बिल्डिंगचा भार घेतेय. तुमचं दार आधीच आहे, त्यामुळे तोडफोड नाही, तरी सोसायटीला कळवून ठेवा. भिंत कुठलीही असली तरी मी आता एकच पद्धत वापरतो. दोन बाय दोन इंचाच्या लोखंडी चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घ्यायची, दोन उभे पाइप आणि वर एक आडवा, खाली आडवा नको, ती खाली फरशीला आणि वर काँक्रीटच्या बीमला किंवा लिंटेलला, म्हणजे दारावरच्या काँक्रीटच्या पट्टीला, अँकरने धरवायची आणि बाजूच्या भिंतीला फक्त टेकवायची. मग भिंत कशीही असली तरी भार तिच्यावर जातच नाही. फॅब्रिकेटरचं हे एका दिवसाचं काम आहे, नंतर प्लायने झाकलं की कोणाला दिसतही नाही. लाल रंगाचा प्रायमर मात्र दोन हात मारून घ्या.

स्लॅब हे वजन पेलेल का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलोचा भार धरलेला असतो, आणि भिंतीलगत सव्वाशे किलोचं एक कपाट यात काळजीचं काही नाही. लोखंडी गोदरेज कपाट भरलेलं असतं तेव्हा आपण विचारतो का. बाजूची कपाटं धरली तरी भिंतीच्या कडेनेच सगळं पसरलंय.

आता फिरण्याची भूमिती, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. साधं दार दीड इंच जाड असतं म्हणून त्याचा कोपरा कुठे लागत नाही. तुमचं दार सात इंच जाड आहे. पुढच्या कडेला बिजागरी लावून ते हॉलकडे उघडलंत तर पलीकडचा मागचा कोपरा आधी बाहेरच्या बाजूला सरकतो आणि मग फिरतो, कारण बिजागरीपासून त्या कोपऱ्याचं अंतर म्हणजे कर्ण, आणि कर्ण रुंदीपेक्षा मोठाच असणार. ३० इंच रुंदी आणि ७ इंच खोली असेल तर कर्ण येतो ३०.८, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त फट लागते. खोली १२ इंच केलीत तर तीच फट सव्वादोन इंचाच्या वर जाते. खोली दुप्पट केली की फट जवळजवळ चौपट होते, हे लक्षात ठेवा. म्हणून माझा आग्रह, दाराची खोली कमीत कमी ठेवा. डेमी पुस्तकाची रुंदी साडेपाच इंच असते, आत सहा इंच खोली दिलीत की भरपूर झालं, पाठ वगैरे धरून सात. विश्वकोशाचे खंड, मोठे शब्दकोश, दिवाळी अंकांचे गठ्ठे असली रुंद मंडळी शेजारच्या न हलणाऱ्या कपाटात जाऊ देत.

पिव्हॉट कुठे बसवायचा तर बाजूच्या कडेपासून २ इंच आत आणि पुढच्या कडेपासून दीड इंच आत, वर आणि खाली बरोबर एकाखाली एक. मी हे माप बऱ्याच चुका करून पक्कं केलंय. या जागी पिव्हॉट घेतला तर दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या इंचाहून जराशीच जास्त फट पुरते, म्हणजे तुमचा बॉक्स ३० इंच आणि फ्रेमच्या आतली मोकळी जागा ३१ इंचांहून किंचित जास्त. मागच्या भिंतीपासूनही अर्धा इंच सोडा कारण पिव्हॉटकडचा मागचा कोपरा फिरताना किंचित मागे जातो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, ३० बाय ७ इंचाचा तुकडा कापा, त्याला त्या जागी टाचणी किंवा खिळा मारा आणि जमिनीवर खडूने फ्रेमच्या दोन रेषा काढून तो पुठ्ठा फिरवा. कुठे लागतं, किती उघडतं, सगळं दहा मिनिटांत दिसतं. मी आजही प्रत्येक साइटवर गिऱ्हाइकासमोर हे करतो, त्याशिवाय प्लायची ऑर्डर देत नाही.

पुठ्ठा फिरवलात की आणखी एक गोष्ट दिसेल, ती आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. कपाट काटकोनात उघडलं तरी त्याची सात इंच जाडी वाटेतच उभी राहते. तुमच्या २८ इंचातले साडेसहा इंच ते खातं, जायला उरतात साडेएकवीस. माणूस जातो, सिलेंडर जातो, धान्याचे डबे जातात, पण जुनी मोठी ट्रंक किंवा गादीची गुंडाळी ओढाताण केल्याशिवाय जाणार नाही. स्टोअरमध्ये असलं मोठं सामान रोज-दर आठवड्याला आत-बाहेर होत असेल तर मी म्हणेन की हा नाद सोडा, साधं सरकतं दार करा. आत जाणं कमी असेल, मोठं सामान एकदाच आत ठेवून द्यायचं असेल तर खुशाल करा.

चाकांचं काय, तर नको. मी का म्हणतो ते बघा, पिव्हॉट दाराला एका सपाट वर्तुळात फिरवतो आणि चाक फरशी जशी असेल तसं वर-खाली जातं. दोघांचं पटलं तरच चाकाचा उपयोग आणि जुन्या फ्लॅटची फरशी इतकी लेव्हलमध्ये मी आजवर फार कमी वेळा बघितलीय. चाक उंचवट्यावर आलं की सगळं वजन त्याच्यावर येऊन वरचा पिव्हॉट उचकटायला लागतो, खळग्यात आलं की चाक अधांतरी. शिवाय सव्वाशे किलोखालून चाकाची काळी रेघ फरशीवर कायमची उमटते, आणि ती कमानीतली रेघच पाहुण्याला सांगते की इथे दार आहे.

पिव्हॉट घेताना थ्रस्ट बेअरिंगचा, म्हणजे वरून येणारं वजन झेलणाऱ्या बेअरिंगचा घ्या, त्यावर लिहिलेली क्षमता आपल्या वजनाच्या दुप्पट पाहिजे, म्हणजे अडीचशे किलोचा मागा, आणि खालच्या भागाला उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असेल असाच घ्या. काचेच्या दाराला लावतात तो फ्लोअर स्प्रिंग कोणी सुचवेल, तो मी टाळतो, त्याला फरशी खणून डबी बसवावी लागते आणि तो दार स्वतःहून ओढून बंद करतो, भरलेलं कपाट असं आपोआप बंद व्हायला लागलं की मध्ये कोणाचं बोट आलं तर विचारच करवत नाही. खालची प्लेट बसवायच्या आधी त्या फरशीवर नाण्याने ठोकून बघा. भरीव टणटण आवाज आला तर ठीक, पोकळ डबडब आला तर ती एक फरशी काढून खाली काँक्रीट भरून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात तडकते. आणि ड्रिल करायच्या आधी खालून वायरिंगची किंवा पाण्याची पाइप जात नाही ना ते बघून घ्या, स्टोअरच्या पलीकडे बाथरूम असेल तर विशेषच.

बॉक्ससाठी प्लाय १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० मार्क असलेला घ्या म्हणजे पाण्याला टिकणारा. बाथरूम जवळ नसेल आणि बजेट ताणलेलं असेल तर आयएस ३०३ चाही चालतो, पण पार्टिकल बोर्ड नको, पुण्याच्या पावसाळ्यात एकदा ओल लागली की फुगतो आणि स्क्रू धरत नाही. पाठीला सगळे सहा मिलिमीटर लावतात, तुम्ही १२ लावा, कारण पाठ हीच या दाराची खरी हाडं आहेत. साधं कपाट भिंतीला टेकून उभं असतं, हे एका कडेवर उभं राहणार आणि बाकीचं अधांतरी, त्यामुळे पाठ ढिली असेल तर चौकोनाचा हळूहळू समांतरभुज होतो. पाठ खाचेत बसवून सगळीकडे फेविकॉल आणि दर सहा इंचाला स्क्रू. चिकटवताना दोन्ही कर्ण टेपने मोजा, एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, बॉक्स गुण्यात नसेल, म्हणजे कोपरे काटकोनात नसतील, तर पुढचं काही जमत नाही. पिव्हॉट जिथे बसतो तिथे वर-खाली प्लायच्या जोडीला दीड इंचाचा सागाचा ठोकळा आतून बसवा आणि स्क्रू न मारता आरपार नट-बोल्ट टाका. खणांच्या पुढच्या कडेला सागाची पट्टी द्या, ती फळीपेक्षा अर्धा इंच वर राहू दे, त्याने फळी वाकतही नाही आणि दार फिरवताना पुस्तकं पुढे सरकून पडतही नाहीत. हे अर्ध्या इंचाचं काम लोक विसरतात आणि मग पहिल्याच दिवशी पायावर पुस्तकं येतात.

बसवताना क्रम मोडू नका. फ्रेम ओळंब्यात, म्हणजे ओळंबा खरोखर सोडून बघायचा, नुसत्या डोळ्यांनी नाही, कारण फ्रेम जराशी कललेली असेल तर दार स्वतःहून उघडतं नाहीतर बंद होतं. मग रिकामा बॉक्स पिव्हॉटवर चढवा, खाली आठ-दहा मिलिमीटर फट ठेवून फिरवून बघा. मग सगळी पुस्तकं भरा. आणि मग आठ दिवस काही करू नका. नुसतं उघडा, मिटा, वापरा. या आठ दिवसांत जे काही दबायचं-बसायचं असतं ते बसतं, टोक एक-दोन मिलिमीटर खाली येतं, ते खालच्या स्क्रूने आणि वरच्या प्लेटने जुळवून घ्या. त्यानंतरच झाकायच्या पट्ट्या मारायच्या. माझ्याकडचे नवीन कारागीर दरवेळी घाई करतात, पट्ट्या आधी मारून मोकळे होतात, मग परत काढायला लागतात.

आता लपवण्याचं, आणि इथे ती उरलेली सव्वादोनशे पुस्तकं कामाला येतात. हॉलच्या भिंतीवर एकटं एक कपाट उभं असेल तर येणाऱ्याचं लक्ष जातंच. दाराच्या दोन्ही बाजूंना तशीच, त्याच मापाची, त्याच खणांच्या उंचीची पक्की कपाटं करा, मग दार हे तीनमधलं मधलं एक होतं आणि नजर त्यावरून सरकत जाते. उघडणाऱ्या बाजूची अर्धा इंच फट दारावर मारलेल्या पट्टीने झाकता येते, ती दाराबरोबर पुढे येते. पण पिव्हॉटच्या बाजूची फट पट्टीने झाकलीत तर दार अर्ध्यात अडकतं, पुठ्ठ्यावर करून बघा, कळेल. तिथे मी फट लपवत नाही, तिच्यासारखीच खाच सगळीकडे करतो. प्रत्येक दोन कपाटांच्या जोडावर अर्ध्या इंचाची उभी खाच, आतून काळपट रंगवलेली. प्रत्येक जोडावर सारखीच खाच दिसली की ती डिझाइन वाटते, त्यातली एक खरी आहे हे कोणाला कळतच नाही. आपल्याकडे किल्ल्यांच्या चोरदरवाजांचंही तेच आहे, रायगडाच्या चोरदिंडीजवळ उभे राहिलात तर कळेल, तिथे दार झाकलेलं नाहीये, बुरुजातच असल्यामुळे ते वेगळं दिसत नाही.

ॲमस्टरडॅमला प्रिन्सेनग्राख्ट २६३ या घरात दुसऱ्या महायुद्धात ॲन फ्रँकचं ज्यू कुटुंब आणि आणखी चौघं नाझींपासून लपले होते, तिथलं फिरतं कपाट योहान फोस्काउल या गृहस्थांनी ऑगस्ट १९४२ मध्ये बनवलं, ते तिथल्याच गोदामात काम करायचे. ते अजून त्या जागी आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या कपाटापुढे मान झुकवावीशी वाटते, कारण आठ माणसांचा जीव त्या सुतारकामावर दोन वर्षं टिकून होता. तिथे सुरुवातीला आत-बाहेर करताना बुटक्या चौकटीवर सगळ्यांची डोकी आपटायची, मग चौकटीला लाकडाचा कीस भरलेलं कापड ठोकलं. तुमच्या घरात आजी आहेत असं लिहिलंय, तर खाली उंबरा ठेवू नका आणि फ्रेमचा वरचा पाइप मूळ दाराच्या उंचीच्या खाली येऊ देऊ नका.

खटक्याला वीज वापरू नका. चुंबकाचं इलेक्ट्रिक कुलूप फार जण सुचवतात, पण ते चोवीस तास वीज खातं आणि लाइट गेली की एक तर दार उघडं पडतं किंवा उलट्या प्रकारचं असेल तर माणूस आत अडकतो. मी सायकलच्या ब्रेकची वायर वापरतो, नळीसकट, कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. एका खणात खोटं पुस्तक, त्याच्या खालच्या कडेला बिजागरी, पुस्तक पुढे ओढलं की वायर ओढली जाते आणि वरच्या बाजूचा स्प्रिंगचा खटका सुटतो. आतल्या बाजूला मात्र साधी मोठी मूठ पाहिजे, अंधारात चाचपडून सापडेल अशी, एका हाताने फिरणारी, आणि लहान मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर म्हणजे अडीच फुटांवर. मूठ नसेल तर मी दार ताब्यात देत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. आत कोणी झोपणार असेल तर असलं दार त्या खोलीचा एकमेव रस्ता म्हणून करूच नका. स्टोअरमध्ये हवा खेळायला खालची फट बुजवू नका, पावसाळ्यात बंद खोलीत बुरशी येते आणि तिथून कसर पुस्तकांत यायला वेळ लागत नाही. आणि दागिने तिथे ठेवण्याच्या भरवशावर राहू नका, ही आडोशाची जागा आहे, तिजोरी नाही.

स्वतः करता येईल का, तर अर्धं येईल. प्लाय दुकानातूनच मशीनवर कापून घ्या, बॉक्स जोडणं, पट्ट्या, पॉलिश हे तुम्ही आणि वडील मिळून दोन-तीन रविवारांत कराल, त्यात मजाही आहे. वेल्डिंग, बीमला अँकर आणि पिव्हॉट बसवणं हे मात्र करून आलेल्या माणसाकडून घ्या, तुमच्याच मिस्त्रीला हा हिशोब दाखवा, पटला तर तोच नीट करेल. बॉक्स चढवताना तीन माणसं लागतात, आणि तो रिकामाच चढवायचा. पावसाळा संपल्यावर सुरू करा, मे महिन्यात फटी घट्ट ठेवून केलेल्या सागाच्या पट्ट्या जुलैत फुगून अडकलेल्या मी बघितल्यात.

राहिलं ते पुस्तक कुठलं. वडिलांचं आवडतं पुस्तक खटक्याला लावायचं असं तुमच्या मनात आहे, भावना समजते पण नका लावू. रोज वरून ओढून ओढून बांधणीची पाठ फाटते, मी एका घरात असं फाटलेलं पुस्तक बघितलंय, वरचा कापडी भाग लोंबत होता आणि कोणी ते परत बांधून घेतलं नव्हतं. रद्दीच्या दुकानात पुठ्ठा बांधणीची जुनी कायद्याची किंवा हिशोबाची पुस्तकं मिळतात, त्यातलं एक घ्या, पानं काढून आत लाकडाचा ठोकळा बसवा, पाठीला आतून कापड चिकटवा. जागा खालून तिसऱ्या खणात, पिव्हॉटच्या विरुद्ध बाजूला, आजींचा हात खांदा न उचलता पोचेल अशी. आणि वडिलांचं ते पुस्तक त्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे हात रोज त्याच्याजवळ जाईल.